आड बुजवून आम्हाला पोहरा जपायला सांगता?

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
आमची नगरपरिषद

सविनय नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाचं नाव इथं घातलं तरी मजकुरात फार फरक पडायचा नाही. पत्र कुणाला आहे ते आपल्याला कळेलच.

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी आपली भोंग्याची रिक्षा गल्लीतून गेली. पाणी जपून वापरा, अंगणात सडा टाकताना किंवा गाडी धुताना आढळल्यास पाचशे रुपये दंड. दुपारी दोन माणसं टेप घेऊन आली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला आड मोजायला लागली. मी डब्यांची भांडी घासत होते, तशीच उठून गेले. त्यांनी सांगितलं, ठराव झालाय. आड बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, दोन बाक ठेवायचे आणि ‘आय लव्ह’ करून गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं उभी करायची. सेल्फी पॉइंट.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. आपण आता आडच काढून टाकणार आणि पोहरा नीट धरा म्हणून आम्हाला दंड लावणार. हे मला गप्प बसून पचवता आलं नाही, म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं.

मी मेस चालवते. रोज चाळीस डबे जातात. पाण्याचा हिशोब माझ्याइतका दुसऱ्या कुणाला ठेवावा लागत असेल असं वाटत नाही, म्हणून आधी तो सांगते. आपल्या रिक्षानं आम्हाला बचत शिकवायची की आम्ही आपल्याला, ते मग ठरवू.

भांडी तीन घमेल्यांत होतात. पहिल्यात साबण, दुसऱ्यात खळबळणं, तिसऱ्यात शेवटचा हात. पहिलं पाणी काळं झालं की ते संडासात ओतायला बाजूला ठेवायचं, दुसरं पहिल्याच्या जागी सरकतं, तिसरं दुसऱ्याच्या, आणि ताजं पाणी फक्त तिसऱ्यात पडतं. घासायच्या आधी प्रत्येक भगुणं जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कण्हेर आणि कढीपत्त्याला. मूग-मटकी भिजवलेलं पाणी शेजारच्या म्हशीला, तिला ते आवडतं. मार्च ते जून माझ्या डब्यात पिठलं नसतं. पोरं दर वर्षी कुरकुर करतात, पण पिठल्याची खरवड काढायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात चार ताटं निघतात. मेथी-पालकही बंद, कारण मातीची पालेभाजी तीन पाण्यांखाली स्वच्छ होत नाही. त्या चार महिन्यांत उसळी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं.

घरात आम्ही पाच माणसं. नळ दहाव्या दिवशी येतो. तेव्हा हजार लिटरची टाकी, दोनशेचे दोन पिंप आणि बाकी घागरी-कळश्या मिळून दीड हजार लिटर साठतं. दहा दिवस, पाच माणसं, म्हणजे माणशी रोज तीस लिटर. मेसला लागणारं पाणी मी वेगळं टँकरनं विकत घेते, ते यात धरलेलं नाही. नळयोजना आहे पण भुयारी गटार नाही अशा शहराला माणशी ७० लिटर द्यावं, गटार असेल तर १३५, असा देशातला मापदंड आहे. आम्हाला त्याच्या निम्म्याहून कमी मिळतं. त्या तिसातून आणखी किती वाचवायचं, हे रिक्षातल्या आवाजानं एकदा घरी येऊन दाखवावं. चहा मी करीन.

सडा तर आम्ही कधीच सोडला. माझ्या दारात रांगोळी आता कोरड्या मातीवर पडते आणि वारा सुटला की जाते.

मी असं वाचवायला शिकले ते २०१६ साली लातूरला. माझ्या मालकांची नोकरी तिथं होती आणि मेसही तिथंच सुरू झाली होती. त्या मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी कलम १४४ लागलं. पाच माणसांनी जमायचं नाही. माणसं लांब सावलीत बसायची आणि रांगेत नुसत्या घागरी उभ्या असायच्या, प्रत्येकीच्या गळ्याला ओळखीची चिंधी. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेलाच्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणल्या होत्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाखांची. आम्ही तेव्हा बाजेवर बसून आंघोळ करायचो, बाजेखाली घमेलं, आणि घमेल्यातल्या पाण्यात पायपुसणी धुवायची. शिकायला आलेली निम्मी पोरं गावी निघून गेली. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरलं, आणि लोक पूजेला गेले. मीही गेले होते. खोटं कशाला सांगू, दोन वर्षांत आम्ही बरंचसं विसरलो. पण तीन घमेली काही सुटली नाहीत.

आता गाऱ्हाणी.

पहिलं आडाचं. सासूबाई सांगायच्या, बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं, पण प्यायला होतं. मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, सगळं त्यांनी पाहिलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर पाणी मात्र याच आडातून शेंदायचं. कठड्याच्या दगडावर दोरानं पडलेल्या खाचा आहेत, बोट आत जाईल इतक्या. नळ आल्यावर आड मागं पडला, नंतर लोकांनी त्यात निर्माल्य टाकलं, प्लास्टिक टाकलं. तो दोष आमचा, आपला नाही.

त्यानंतर आलं बोअरचं युग. आमच्या गल्लीत अकरा बोअर आहेत, त्यातले तीन चालू. शेवटचा सातशे फूट गेला आणि धूळ निघाली. दोनशे फुटांच्या पुढं जायला भूजल कायद्यानं बंधनं आहेत हे बोअरवाल्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आपल्या कार्यालयातून कुणी कधी सांगितलंही नाही.

मुलीच्या शाळेत एकदा भूजल खात्यातले साहेब आले होते. त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. आपल्याकडं खाली काळा पाषाण. तो स्पंजासारखा पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या, झिजलेल्या खडकाच्या थरात आणि भेगांमध्ये. दर पावसाळ्यात हाच वरचा थर भरतो. खूप खोल गेलं तर एखादी जुनी भेग लागते, तिच्यातलं पाणी दोन-चार वर्षांत उपसून होतं आणि ती पुन्हा लवकर भरत नाही. आमचा आड अठ्ठावीस हात खोल आहे, म्हणजे चाळीसेक फूट. ज्या थरात दर वर्षी पाणी येतं, बरोबर त्याच थरात तो बसलाय. पहार आणि टोपली घेऊन खणणाऱ्या जुन्या माणसांना हे कळलं होतं की त्यांचा हात तिथंच थकला, मला सांगता येत नाही. पण आड बरोबर जागी आहे.

दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या आम्ही बायकांनी वर्गणी काढून आतला गाळ काढवला. चार ट्रॉल्या गाळ, एक सायकलीचं चाक, आणि कुणाच्या तरी लग्नातलं तांब्याचं घंगाळं निघालं. त्याचा मालक अजून सापडलेला नाही. मग तीन घरांच्या पन्हाळी पाइपला जोडल्या आणि वाळू-खडीच्या खड्ड्यातून आडात सोडल्या. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, छत धुऊन निघालं की पाइप वळवायचा, इतकंच तंत्र. माझं छत सहाशे चौरस फूट. सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर साधारण एकोणचाळीस हजार लिटर पडतं. सांडलेलं, उडालेलं सोडून तीस हजार धरा. माझ्या एका छतावरून सहा टँकर पाणी आजवर गटारात जात होतं, आणि मी टँकरवाल्याला फोन लावत होते.

दोराला मी हाताहातावर गाठी मारल्यात. गाळ काढला त्या वर्षी एप्रिलमध्ये पोहरा पाण्याला तेविसाव्या गाठीला टेकला होता. या एप्रिलमध्ये एकोणिसाव्या. मधले पावसाळे बरे झाले होते, त्यामुळं सगळं श्रेय आमच्या पाइपला देत नाही. पण आणखी आठ घरं पन्हाळ जोडायला तयार होती. त्यांनी पाइपही आणून ठेवलेत. अशा वेळी आपला टेप आला.

हे पाणी आम्ही पीत नाही. तपासल्याशिवाय पिणारही नाही. धुणं, भांड्यांचं पहिलं घमेलं, संडास, झाडं आणि म्हैस एवढ्याला ते चालतं, आणि तेवढंच नळाचं पाणी वाचतं. एक पाटी, एक जाळी आणि वर्षातून दोनदा तपासणी, एवढ्यात हा आड गल्लीला धरून राहील. सेल्फी पॉइंटचा खर्च किती, ते ठरावात लिहिलेलं असेलच.

दुसरं गळतीचं. बाजाराच्या चौकात मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या खड्ड्यातून पाणी येतं, तिथं कुत्री पाणी पितात, आजूबाजूच्या पालांवरच्या बाया कळशी भरतात. त्यांच्यापुरतं ते पाणी वाया जात नाही, हे मला मान्य आहे. एका सकाळी मी पंधरा लिटरची बादली लावून पाहिली. चाळीस सेकंदांत भरली. लाइन दिवसातून सोळा तास चालू असते, असं आपलाच पाणी सोडणारा माणूस सांगतो. हिशोब केला, दिवसाला एकवीस हजार सहाशे लिटर. टंचाईच्या गावाला टँकर देताना सरकार माणशी वीस लिटर धरतं. म्हणजे एका व्हॉल्व्हच्या खड्ड्यात हजारावर माणसांचं पाणी रोज मुरतं. अर्ज मी दोनदा दिला, पोच माझ्याजवळ आहे. दुरुस्ती झाली नाही. या गळतीला रोजचे पाचशे रुपये दंड कुणाकडून घ्यायचा?

तिसरं वेळेचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नासाडी यानं होते. दहाव्या दिवशी पाणी येतं, हे मी वर लिहिलं खरं, पण ते कधी आठव्या दिवशी येतं, कधी बाराव्या. रात्री दोनला सुटलं तर अडीचला कळतं. म्हणून लोक तोटी उघडी ठेवून, खाली बादली लावून झोपतात, आणि जाग येईपर्यंत बादली वाहून अंगण भरलेलं असतं. आपण तोट्या बसवा म्हणता. तोटी बंद ठेवली तर पाणी आलेलं कळणार कसं? मग नळाला लावून पाणी ओढणाऱ्या टिल्लू मोटारी. एकानं लावली की दाब जातो, दुसऱ्याला लावावीच लागते. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या मावशींकडं मोटार नाही, त्यांच्या नळाला नुसता फुसफुस आवाज येतो. मोटारी जप्त करायला आपली माणसं येतात तीही दिवसा, पाणी नसताना. नवं पाणी आलं की लोक पिंपातलं शिल्लक पाणी शिळं म्हणून ओतून देतात, कारण पुढचं कधी येईल ते माहीत नसलं तरी आज तरी ताजं भरून घ्यावं. वार आणि वेळ ठरलेली असती तर यातलं निम्मं झालं नसतं.

याला जोडून डेंग्यूचं. आरोग्य विभागाची मुलगी येते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासून ठेवा म्हणते. तिचं खरं आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पण पाणी दहाव्या दिवशी येणार असेल तर सातव्या दिवशी पिंप रिकामं करून आम्ही प्यायचं काय? ती बिचारी हसते आणि पिंपाला कापड बांधा म्हणून सांगते. तिला आपण काय उत्तर शिकवलंय तेवढं कळवा.

बाकीची थोडक्यात सांगते. टँकर किती फेऱ्या मारतो याचा फलक कुठंही नाही. आमच्या वॉर्डात आठवड्याला चार फेऱ्या लिहिल्या जातात असं ऐकते, मी दोन मोजते. जारचे कारखाने भर उन्हाळ्यात जोरात चालतात. एक लिटर गोड पाण्यामागं दोन-तीन लिटर फेकलं जातं, ते उघड्या नालीत जाताना सगळ्यांना दिसतं, दंडाची रिक्षा तिथून वळून जाते. आणि आपल्या स्वतःच्या इमारतीला पन्हाळच नाही. पाच हजार चौरस फुटांचं छत तरी असेल. त्यावर पडणारं पाणी, सांडलेलं-उडालेलं सोडून, एका पावसाळ्यात अडीच लाख लिटरच्या आसपास भरेल, म्हणजे मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीच्या निम्मं. नवीन घर बांधणाऱ्याकडून पाऊसपाण्याच्या टाकीचा नकाशा मागणारा टेबल त्याच छताखाली आहे.

उसाविषयी लिहायचं होतं, पण तो आपल्या हातातला विषय नाही आणि माझ्या मेसचा चहाही साखरेचाच असतो. ते कुणा मोठ्याला लिहीन.

मागण्या अशा. आड बुजवण्याचा ठराव रद्द करा. त्यावर लोखंडी जाळी टाकून द्या, पाणी तपासून अहवाल गल्लीत लावा, पन्हाळी जोडायचं काम आम्ही आमच्या खर्चानं करू. बाजार चौकातला व्हॉल्व्ह दुरुस्त करा, आणि करताना पालांवरच्या लोकांना तिथं एक सार्वजनिक नळ द्या, नाहीतर गळती थांबवल्याचा त्रास सगळ्यात आधी त्यांना होईल. प्रत्येक भागाला पाण्याचा वार आणि तास ठरवा. दहाव्या दिवशी असेल तर दहाव्याच दिवशी द्या, बदल होणार असेल तर आदल्या संध्याकाळी तीच रिक्षा फिरवा. टँकरच्या फेऱ्या तारीख-वेळेसह वॉर्डाच्या फलकावर लिहा. आपल्या इमारतीला पन्हाळ लावून होईपर्यंत घरगुती दंड थांबवा. यातलं आड, व्हॉल्व्ह आणि आपली पन्हाळ मृगाच्या आत व्हायला हवी. पाऊस एकदा पडून गेला की वर्षभर बोलून उपयोग नाही.

सेल्फी पॉइंटला माझा विरोध नाही. बसस्थानकाजवळ मोकळी जागा आहे, तिथं लावा. पोरं जातील. आमच्या आडावरही जाळी बसली, कठडा धुतला की फोटो चांगले येतील, दोराच्या खाचा उन्हात छान दिसतात.

आडाची कप्पी आणि दोर आम्ही सध्या काढून ठेवलाय. तो माझ्या घरी आहे, चोरीला गेलेला नाही, तशी तक्रार कुणी करू नये. माती घेऊन ट्रॅक्टर पाठवायचा असेल तर आधी कळवून पाठवा. सकाळी दहापर्यंत डब्यांची गडबड असते, त्यानंतर गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी आडापाशीच बसलेल्या असू.

आपली,
तिसऱ्या गल्लीतली मेसवाली